मारियाचा लाल-पांढरा दोरा

मित्रहो, कॉलेज अर्ध्यात सोडून कापूस बाजारात कामाला लागलो तेव्हा हसलात, आज खुशाल शिव्या द्या.

मारिया म्हणजे कापूस खरेदीसाठी अमरावतीत आलेल्या बल्गेरियन व्यापाऱ्याची मुलगी. परवा बाजारातच तिनं माझ्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. मी भडकलो. "राखी बांधून राहिली काय? मले भाऊ नाही व्हायचं!" दोरा तोडून फेकला. तिला बोलूही दिलं नाही.

आज सकाळी ती मंडळी कायमची गेली. मग त्यांचा दुभाषी म्हणाला, "अरे येड्या, मार्च लागला की त्यांच्यात जिवाच्या माणसाले हा दोरा बांधतात. पहिलं फुललेलं झाड दिसलं की तो काढून त्याच्या फांदीले बांधायचा."

बाजारभर कापूस पडलाय, तो वीतभर दोरा सापडत नाही. पळस मात्र फुललाय.

सांगा, त्याच्या फांदीला आता काय बांधू?