गुणाजी रेवाळ्यांची मुळ्याची लावणी

गुणाजी रेवाळे वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तेहेतीस वर्षं पॅकिंगला होते, पण तिथे ते कधी दमले नाहीत. नंतरची निवृत्तीची सात वर्षंही बरी गेली. मग यंदा नवरात्रात त्यांची बायको, हौसाबाई, मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि या चाळीस वर्षांचा राहिलेला सगळा थकवा पत्ता विचारत विचारत वर्तकनगरात, तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या घरी येऊन बसला. इमारतीला लिफ्ट नाही. थकवासुद्धा दमूनच वर आला असणार.

आता सकाळी उठल्यापासून गुणाजीच. दूध तापवायचं, हौसाबाईंचं तोंड धुवायला पाणी न्यायचं, गोळ्या द्यायच्या, वरण लावायचं. पोळ्या-भाकऱ्या कोपऱ्यावरच्या ताईंकडून यायच्या आणि भाजी गुणाजींच्या हातची असायची. ती भाजी हौसाबाई गोळीसारखी खायच्या, म्हणजे डोळे मिटून आणि पाण्याबरोबर.

आठवड्यातून तीनदा सलिल यायचा. व्यायाम करून घेणारा गोड स्वभावाचा पोरगा. तो वॉकर पलंगाला लावून म्हणायचा, "काकू, फक्त दहा पावलं. गॅलरीपर्यंत. तिथे ऊन आहे मस्त."

"उद्या," हौसाबाई म्हणायच्या, आणि भिंतीकडे तोंड करायच्या.

मोरीपर्यंत जायचं तेवढं गुणाजींच्या खांद्यावर पूर्ण भार टाकून जायच्या. बाकी पलंग. असं सहा आठवडे चाललं. मग एकदा सलिलने जाताना दारातच चप्पल घालता घालता आवाज खाली आणला.

"काका, हाड जुळलंय. डॉक्टर पण तेच बोलले. पण अजून महिनाभर अशाच झोपून राहिल्या ना, तर पायातली ताकद जाईल. मग नंतर मनात आलं तरी उठता येणार नाही."

गुणाजींनी दार लावलं आणि दाराला टेकून थोडा वेळ उभे राहिले. बसले असते, पण बसलं की उठावं लागतं.

त्या रात्री ताट बाजूला सारत हौसाबाई म्हणाल्या, "कोवळ्या मुळ्याचा पाला असता, तर अर्धी भाकरी गेली असती."

दुसऱ्या दिवशी गुणाजींनी बाजारातून मुळा आणला. हौसाबाईंनी पलंगावरूनच तो हातात धरून पाहिला. "हा मुळा? याने पोरं क्रिकेट खेळतील. आणि पाला कुठाय? पाला छाटून विकतात मेले."

झालं. गुणाजींनी ठरवलं की मुळा घरी लावायचा.

खालच्या मजल्यावरच्या विनिताकडे नुकताच रंग काढलेला, तिच्याकडून रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या आल्या. स्क्रू ड्रायव्हर गॅसवर तापवून त्यांच्या बुडाला भोकं पाडली. प्लॅस्टिक जळल्याचा वास जिन्यातून खाली गेला, तशी विनिता वर बघून ओरडली, "काका, कुकर लागला का?" नर्सरीतून माती नि शेणखताची पिशवी आणली. पहिल्या मजल्यावर गुणाजी बसले, दुसऱ्यावर बसले, तिसऱ्यावर आधी पिशवी बसली, मग ते.

बी आणलं आणि गुणाजी मनातून एकदम गावाला गेले. संगमेश्वराकडचा माणूस, सतराव्या वर्षापर्यंत चिखलात वाढलेला. शेती म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आधी एका जागी दाट पेरून तरवा करायचा, रोपं वितीएवढी झाली की उपटायची, जुड्या बांधायच्या, आणि मग चिखलात लावणी. भाताला करतात तसं. परसातल्या मुळ्या-लालमाठाकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. ते बायकांचं खातं. पुरुष तिकडे फक्त जेवताना लक्ष घालायचे.

तेव्हा त्यांनी फरसाणाच्या रिकाम्या डब्यात मुळ्याचा तरवा पेरला. तिसऱ्या दिवशी हिरवं दिसलं. पंधराव्या दिवशी सकाळी कंबर धरत ते गॅलरीत बसले, एकेक रोप हलक्या हाताने उपटलं, बादलीत पाणी घालून मातीचा छान चिखल केला, आणि अंगठा दाबत ओळीने लावलं. उठताना गुडघ्यांनी आवाज केला. गुणाजींना वाटलं, आज बऱ्याच दिवसांनी काहीतरी मनासारखं झालं.

"काय चाललंय तिकडे सकाळपासून?" आतून हौसाबाई.

"लावणी झाली."

"कसली?"

"मुळ्याची."

आत पलंग करकरला.

"मुळ्याची *लावणी*?"

"मग! चिखल करून. एकसारखी लावलीत, बघशील तर..."

पुढचा आवाज ऐकून गुणाजी जागच्या जागी थांबले. टक्. मग काहीतरी घासल्यासारखं. मग परत टक्. वॉकरचा आवाज होता, आणि सलिल तर उद्या यायचा होता.

हौसाबाई गॅलरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. केस विस्कटलेले, गाऊन चुरगळलेला, आणि डोळ्यांत असा जाळ, की मातीसुद्धा वाळावी.

"अहो, मुळा कोणी उपटून लावतं का? डोकं कंपनीत ठेवून आलात का काय? त्याचं मूळ एकदा दुखावलं, की तो सरळ खाली जात नाही, फाटे फुटतात! जिथे पेरला तिथेच वाढू द्यायचा असतो. चिखल काय, जुड्या काय... औताला जुंपायला बैल नाही आणलेत ते नशीब!"

गुणाजी त्यांच्या पायांकडे बघत होते. पलंगापासून दारापर्यंत अकरा पावलं.

दुसरी बादली हौसाबाईंनी उभ्या उभ्या पेरून घेतली. बोटाच्या पेराएवढं खोल, चार बोटं अंतर, वर हलकी माती. मग घाम फुटला तशा परत गेल्या आणि आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सलिल आला, तर काकू पुन्हा भिंतीकडे तोंड करून. "उद्या."

गुणाजींनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. सकाळचं पाणी, सकाळचं ऊन. चार दिवस गेले. वॉकर हलला नाही. पाचव्या दिवशी, चहाच्या भांड्यात साखर घालताना गुणाजींच्या ध्यानात आलं, की आपण शहाण्यासारखं वागतोय, हीच अडचण आहे. चव्वेचाळीस वर्षं बायको त्यांना अडाणी म्हणत आली, पण त्याचा कोणाला काही उपयोग होईल असं त्यांना तोपर्यंत वाटलं नव्हतं.

बरोबर बारा वाजता ते गॅलरीतून मोठ्याने म्हणाले, "फार तापलंय. मुळ्यांना आता चांगलं मगभर पाणी घालतो."

टक्. टक्.

पुढचे दोन आठवडे असेच गेले. एकदा त्यांनी बादल्या सावलीत नेल्या. एकदा "पानं पुसून घेतो साबणाने" म्हणाले. एकदा ताक घालायला निघाले. दरवेळी हौसाबाई आल्या, दरवेळी यथास्थित बोलल्या, आणि एकदा तर परत न जाता गॅलरीतल्या खुर्चीवर दहा मिनिटं टेकल्या. सलिल म्हणाला, "काका, काय जादू केली?" गुणाजी नुसतेच हसले. पण रोज सकाळी नवीन चूक सुचणं सोपं नसतं. आयुष्यभर चुका आपोआप व्हायच्या, आता त्यासाठी पहाटे उठून विचार करावा लागे. त्यात घरकाम होतंच. वरण दोनदा करपलं, पण ती चूक मोजायची नाही, ती खरी होती.

मग एक सकाळ अशी आली, की काहीच सुचेना. डोकं सुन्न. गुणाजी दुसऱ्या बादलीपुढे बसले. हौसाबाईंनी पेरून घेतलेली रोपं सरळ, तजेलदार, मातीत रुजून बसलेली. त्यांनी एक हळूच धरलं. उपटून लावतो म्हणावं परत. तेवढ्याने नक्की येईल.

"मुद्दाम करताय ना?"

हौसाबाई मागेच उभ्या होत्या. कधी आल्या ते कळलंच नाही. टक् न होऊ देता वॉकर सरकवायला आलं होतं त्यांना.

गुणाजींनी रोप सोडलं. खोटं बोलायलासुद्धा ताकद लागते. "हो," ते म्हणाले. "दमलो गं. तू उठत नाहीस. दुसरं काय करू?"

खाली विनिताचा मिक्सर घुरघुरला आणि थांबला. हौसाबाई खुर्चीवर हळूच टेकल्या.

"पाय दुखत नाही आता," त्या म्हणाल्या. "पण उठले की ती मोरी दिसते. वाटतं, परत पडणार. तुमच्यावर चिडले की भीती आठवत नाही. येताना आठवत नाही. परत जाताना मात्र सगळी वाट आठवते."

"मग मला सांगायचंस."

"काय सांगायचं? तुमच्याच तोंडाकडे बघवत नाही अलीकडे. आधीच एवढंसं झालंय." मग पदर नसलेल्या गाऊनचीच बाही डोळ्यांना लावत त्यांनी आवाज चढवला. "मी उठत जाईन. पण त्या मुळ्यांना छळू नका. त्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

त्या दिवशी त्यांनी दाट आलेली रोपं विरळ करून घेतली. काढलेल्या कोवळ्या पाल्याची मूठभर भाजी झाली, लसूण नि मिरची त्यांनी खुर्चीत बसून सांगितली तेवढी. पाऊण भाकरी गेली. पहिल्या बादलीतला एक मुळा बघायला म्हणून उपटला, तर त्याला दोन पाय फुटलेले, वर ढेरी. "अगदी तुम्ही," हौसाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गुणाजींनी काहीही चुकवलं नाही. पाणी वेळेवर, ऊन वेळेवर. आठ वाजले. आत काही हललं नाही. साडेआठ झाले. चहा निवला, तो पुन्हा तापवला. गुणाजी मोकळा मग हातात धरून उभेच. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही.

मग टक्.

बऱ्याच वेळाने दुसरं टक्.

हौसाबाई दारात आल्या. त्यांनी माती बोटाने दाबून पाहिली, पानं उलटून पाहिली, बुडाची भोकं वाकून पाहता येईनात म्हणून गुणाजींना पाहायला लावली. सगळं ठीक होतं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. इतक्या लांब आल्यावर असं कसं परत जायचं?

"बादलीची कडी भिंतीकडे का ठेवलीत?" त्या म्हणाल्या. "उचलताना हात कुठून घालणार?"

"चुकलं," गुणाजी म्हणाले, आणि त्यांनी बादली फिरवली.