शेवटच्या चार ओळींचा सौदा

मी रॅप मुंबईत शिकलो असं मुलाखत घेणाऱ्यांना वाटतं. मी वाटू देतो, त्यांना तेच छापायचं असतं. खरं तर मी शिकलो लांज्याजवळच्या आमच्या वाडीत, जाखडी नाचाच्या बुवांकडून. जाखडीत दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात, ढोलकीच्या तालावर एकमेकांची अब्रू काढतात आणि मग एकाच पातेल्यातला चहा पितात. शहरात याला बॅटल म्हणतात आणि चहा देत नाहीत.

शिकवण्याबद्दल बुवांची एकच अट होती. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुरूचं आणि गावाचं नाव आलं पाहिजे. आमच्यात गाणं असंच संपतं. तसं संपलं नाही तर ते चोरीचं समजतात.

मुंबईच्या कंपनीला माझं गाणं आवडलं. फक्त शेवटच्या चार ओळी नको होत्या.

"लोक तोवर पुढच्या गाण्यावर गेलेले असतात, ब्रो," प्रोड्युसर म्हणाला. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल.

"दोन ठेवा."

"नाव कोणाचं आहे त्यात?"

"माझ्या बुवांचं."

"ते इन्स्टावर आहेत?"

"ते लांज्याला आहेत."

मी हायवेवर काजू विकून वर आलोय. गाडीची काच चार बोटं खाली करून भाव पाडणाऱ्या काकवांना मी पुरून उरलोय. इथे मात्र दोन ओळींची एक झाली आणि एकीची एकही नाही. माझं डोकं फिरलं. त्याच्या हेडफोनबद्दल आणि खानदानाबद्दल बोलून मी बाहेर पडलो. गिऱ्हाईक चालायला लागलं की विकणारा मागून हाक मारतो, या भरवशावर लिफ्टपाशी थांबलो. लिफ्ट दोनदा येऊन गेली. हाक आली नाही. कंपनीत विकणारा मीच होतो, हे तिथे उभं राहून कळलं.

परत गेलो, माफी मागितली, चार ओळी कापू दिल्या. मग म्हटलं, धृपद जरा बदलतो. धृपदात बुवांचं नाव घातलं, चार वेळा. मधून ते कापलं तर गाणंच उरणार नव्हतं. प्रोड्युसर म्हणाला, "हा शब्द भारी आहे." मी म्हटलं, आमच्याकडचा आहे.

गाणं चाललं. गणपतीपुळ्याच्या पार्किंगमध्ये वडापाववाल्यानेसुद्धा लावलं. गौरी-गणपतीला गावी गेलो आणि बुवांना ऐकवलं. फोन आल्यासारखा मोबाईल कानाला लावून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"शेवटी नाव नाय."

"मध्ये हाय ना बुवा. चार वेळा."

"मध्ये नाव कोणाचं घेतात रे?"

मध्ये नाव घेतात ते समोरच्या पक्षाच्या बुवाचं, त्याची अब्रू उतरवायला. त्यातून मी नावाच्या पुढे 'आता कोण अडवतो बघू' असं लिहिलं होतं.

"अख्ख्या महाराष्ट्रासमोर मला आव्हान दिलंस मेल्या," बुवा म्हणाले. "आता उत्तर द्यायला हवं."

मी कंपनीची सगळी कथा सांगितली. त्यांनी ती फार मन लावून ऐकली. मला वाटलं, विरघळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खळ्यात वाडी जमली. गुडघ्यांमुळे बुवा कित्येक वर्षं नाचात उतरले नव्हते. ते खुर्चीत बसले, एका पायात घुंगरू बांधले आणि बारा कडवी गायले. माझे केस, माझी पँट, लिफ्टपाशी उभा राहिलेला मी, सगळं त्यात होतं. सगळ्यात जास्त माझी आई हसली. शेवटच्या कडव्यात त्यांच्या गुरूचं नाव आलं, गावाचं आलं. माझं मध्येच घेऊन झालं होतं, नऊ वेळा.

"घे, आता तू," बुवा म्हणाले. "तुझा असशील तर तुझ्यासारखं, माझा असशील तर माझ्यासारखं संपव."

मी कापलेल्या चारही ओळी म्हटल्या, त्यांच्या नावासकट. बुवांनी मान हलवली. ढोलकीवाल्याने मात्र मुद्दाम अर्ध्या लयीत वाजवून एकेक शब्द ताणायला लावला आणि माझा दम काढला. त्याच्याशी मी अजून बोलत नाही.