मामाचा ‘फिट’

अख्खी इंग्रजी भाषा एका शब्दावर चालवणारा माणूस चिटगुप्प्यात एकच होऊन गेला, आणि तो माझा थोरला मामा होता. शब्द होता ‘फिट’. आमच्या घराण्यातला मी पहिला बीए, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पण माझं इंग्रजी साहेबापुढंच निघायचं, मामाचं दिवसभर चालायचं. त्याचं सायकलचं दुकान होतं. चेन बसली की फिट, वरण जमलं की फिट, भांडलेले भाऊ बोलायला लागले की ‘दोगं फिट झाले’, आणि कुणी घोटभर जास्त घेतली तर ‘आज अप्पा फिट हायत’. मी एकदा म्हणालो, “मामा, प्रत्येक अर्थाला इंग्रजीत वेगळा शब्द आहे.” मामा पान्यानं नट आवळत म्हणाला, “मग कामून एवढे पाने बाळगायलेत ते लोक? एकच ठेवावा, सगळीकडं लागणारा.”

गुलबर्ग्याला मला नोकरी लागली आणि आम्ही खजुरीला मुलगी बघायला गेलो. मुलगी मला इतकी आवडली की तिथंच लग्न जमावं, याखेरीज दुसरं काही सुचेना. चहा झाल्यावर मी परसात हात धुवायला गेलो, आणि मुलीच्या आईनं मामाला विचारलं, “पोरगं बारीक दिसायलंय. तब्येत बरी हाय न्हवं?”

माझ्या अंगावरची पँट मामानं माप न घेता तयार आणलेली होती, तरी ती नेमकी बसली होती. त्याच अभिमानात तो म्हणाला, “त्याची काळजी नको, अक्का. फिट येती त्येला.”

“कवापासून?”

“कॉलेजात गेल्यापासून. त्याच्या आदी पायजमा होता.”

“लई येळा येती?”

“रोज. हापिसला निघताना.”

आठवड्यानं निरोप आला: मुलगा गुणी आहे, पण एवढं दुखणं असताना मुलगी देता येणार नाही. ‘फिट येणं’ म्हणजे झटके येणं, हे मी समजावून सांगितलं, तेव्हा मामा दुकानाच्या पायरीवरच बसला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून एकटाच खजुरीला गेला. तिथं काय झालं ते माझी बायको सांगते. दारात उभा राहून मामा म्हणाला, “अक्का, माजा भाचा एकदम...” आणि थांबला. ओठावर आलेला शब्द त्यानं गिळला. “धडधाकट हाय. खोट माज्या जिभेत हाय, त्येच्या अंगात न्हाई. पायजे तर मला इथं ठेवून घ्या आन् त्येला डाक्टरला दावून या.”

लग्न झालं. मामानं मात्र तो शब्द पुन्हा तोंडातून काढला नाही. मी गावी गेलो की विचारायचो, “मामा, तब्येत?” तो म्हणायचा, “बरी हाय.” आणि दर वेळी मला वाटायचं, हा शब्द मामाला ढगळ होतोय.