सतरा नंबरवर पडलेली सावली

गिदान दोरावा गावातल्या चवळी संशोधन केंद्रात बराऊ पानं कापायचा. पदाचं नाव लांबलचक होतं, काम मात्र एवढंच. ऐन दुपारी वाफ्यात उतरायचं, डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबायची, सूर्याकडे तोंड करून वाकायचं, पंचने पानाची चकती पाडायची आणि पापणी लवायच्या आत गार द्रव नायट्रोजनच्या थर्मासमध्ये टाकायची. तिथे ती जशी असेल तशी गोठते. मग प्रयोगशाळेत ती वाटून, पान कापलं त्या घटकेला त्यातलं रुबिस्को, म्हणजे हवेचं अन्न करणारं विकर, किती जागं होतं ते मोजतात.

टोपी का काढतोस असं कुणी विचारलं की बराऊची कळी खुलायची. "पानात एक आचारी असतो. हवा घेतो आणि तिचं अन्न करतो. पण कामाला महामंद! मध्येच भलतीच हवा उचलतो आणि केलेलं वाया घालवतो. पण जगात दुसरा आचारीच नाही, तर करता काय? त्यात ऊन गेलं की गडी लगेच पेंगतो. टोपीची सावलीसुद्धा पुरते त्याला."

"म्हणजे आमच्या घरातलाच कुणीतरी," कोसाईची भजी तळता तळता त्याची बायको असाबे म्हणायची. वाटलेल्या चवळीची ही भजी ती रोज सकाळी दारात बसून विकायची, आणि पहिला घाणा नवऱ्याच्या पोटात जायचा. बराऊला त्या टोमण्याचा कधी राग आला नाही.

अडतीस वर्षं अशी गेली. बराऊने कापलेली चकती म्हणजे डोळे मिटून घ्यावी, असं सगळे म्हणायचे. तो वरकरणी हात झटकायचा, पण आतून फुशारायचा. निवृत्तीला एक महिना उरला होता आणि त्याची एकच इच्छा होती, सतरा नंबरची चवळी शेतकऱ्यांच्या हातात पडावी. चोवीस वाणांत तिचं रुबिस्को दोन वर्षं सगळ्यांत तरतरीत निघालं होतं. तिसऱ्या वर्षी जो वाण मागे पडेल तो बाद, असा केंद्राचा नियम होता.

आणि तिसऱ्या वर्षी सतरा नंबर सगळ्यांत खाली आली.

डॉक्टर राकिया या केंद्राच्या शास्त्रज्ञ, वयाने बराऊच्या लेकीएवढ्या. त्यांनी आकडे वाचून दाखवले. बराऊला एकदम पानं कापण्याची ती दुपार आठवली.

त्या दुपारी तो सतरा नंबरच्या वाफ्यात पोचला आणि बांधावरून हाकिमी आले. हाकिमी म्हणजे त्या मुलखाचे प्रमुख. मागे माणूस, माणसाच्या हातात ही एवढी थोरली छत्री. एवढा मोठा माणूस समोर आल्यावर कोण पंच चालवेल? बराऊ उकिडवा बसला आणि कुशल सुरू झालं.

"झोप लागली?"

"लागली, अल्लाची कृपा."

"थकवा कसा आहे?"

"उतरला, हुजूर."

"घरची मंडळी? बकऱ्या?"

मग पाऊस, मग गुडघे. शेवटी हाकिमी म्हणाले, "तू विहीरवाल्या दांजुमाचा ना? तुझ्या बापाच्या विहिरीचं पाणी अजून पितो आम्ही." बराऊला भरून आलं. मेलेल्या बापाचं नाव इतक्या वर्षांनी, तेही हाकिमींच्या तोंडून! ते गेले आणि हा उठला तो तरंगतच. वाकला, चकत्या पाडल्या, थर्मासमध्ये टाकल्या. गप्पा चालल्या तेवढा वेळ त्या छत्रीची सावली बरोब्बर सतरा नंबरवर होती. सावली पडली तर ऊन परत आल्यावर अर्धा तास थांबायचं, हे त्यानेच साऱ्या केंद्राला शिकवलं होतं.

चार दिवस तो गप्प राहिला. अडतीस वर्षांचं नाव एका महिन्यासाठी कशाला घालवा, असं मन म्हणायचं, आणि मग त्या मनाची त्यालाच लाज वाटायची. इकडे राकियांनी मोजणीचं यंत्र उघडून पाहिलं, रसायनं फेकून नवी आणली. पाचव्या दिवशी त्या थकून बाकावर बसल्या.

"यंत्रावर संशय घेऊन झाला, बाबा. बियाण्यावरही घेतला. आता सतरा नंबर काढून टाकते."

"आणि पानं कापणाऱ्यावर?"

"तुमच्यावर? ते डोक्यातसुद्धा आलं नाही."

हे मात्र बराऊला सोसलं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं, अगदी बापाच्या विहिरीसकट. राकियांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"किती वेळ होती सावली?"

"घरदार, पाऊस, गुडघे... आणि बकऱ्या."

"बकऱ्यांची पण चौकशी केली?"

"एकेकीची."

राकियांना हसू आवरेना. "मग पेंगेल नाहीतर काय! उद्या दुपारी सगळेच वाण पुन्हा कापा. आणि बाबा, चार दिवस मला यंत्राशी झुंजवलंत, त्याबद्दल मी तुमच्यावर रागावलेय."

"रागवा, डॉक्टर. हक्क आहे तुमचा."

दुसऱ्या दिवशी बराऊने चोवीस वाफे कापले. वाटेवर दोन गावकरी सलाम करत आले, त्यांना त्याने मान वर न करता हातानेच थांबवलं. संध्याकाळी आकडे आले. सतरा नंबर पुन्हा सगळ्यांच्या वर होती. बराऊने खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली आणि परत काढली, काय करावं ते त्याला सुचेना.

राकियांनी वही उघडली. "या जुन्या आकड्यापुढे 'ढगाळ हवा' लिहिते. जाता जाता तुमच्या नावाला बट्टा नको."

"हवा स्वच्छ होती," बराऊ म्हणाला. "पेन द्या."

चकत्यांच्या चिठ्ठ्यांवर वाफ्याचा नंबर लिहायचा तशाच बारीक अक्षरांत त्याने लिहिलं, 'सावलीत कापलं. चूक बराऊ दांजुमाची.' अडतीस वर्षांत त्याने कापलेल्या पानांनी कितीतरी वह्या भरल्या होत्या. त्या सगळ्यांत त्याचं नाव एवढं एकदाच आलं, आणि तेही त्याने स्वतःच्या हाताने घातलं.