निंगव्वाच्या लेकीचा उपग्रह

सोलापुरात साखर पेठेत चनमल्लप्पांचं शेंगाचटणीचं दुकान. दुकान त्यांचं, पण चटणी निंगव्वाच्या हातची. ती उखळात कुटायची, ते विकायचे, आणि त्यावरच दोघांनी एकुलत्या एका लेकीला, सिद्धेश्वरीला, इंजिनियर केलं. लेक बंगळुरूला उपग्रहाच्या कामावर लागली, तेव्हा शेजारच्या मथुराबाईंनी विचारलं, "करती काय म्हणायची तुमची पोर?"

"वाट दावणारं यंत्र," निंगव्वा म्हणाली. "आबाळात ठिवायचं. मग खाली कुणी चुकत न्हाय."

त्या हिवाळ्यात निंगव्वाच्या पोटातलं दुखणं बळावलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हाच चनमल्लप्पा काय ते समजले. लेकीचा उपग्रह उडायला थोडेच दिवस उरले होते. त्यांनी फोन हातात घेतला, तर निंगव्वानं त्यांचं मनगट धरलं. "आत्ता नगं. तिचं होऊ द्या."

उड्डाणाच्या सकाळी त्यांनी तिला उशीला टेकवून बसवलं आणि फोन तिच्यासमोर धरला. जाळ दिसला, धूर दिसला, मग टाळ्या ऐकू आल्या. दुपारी लेकीचा फोन आला.

"आता येतीस का गं?" निंगव्वानं विचारलं.

"अजून जागेवर नाही गेलं, अव्वा. रॉकेटनं लांबट कक्षेत सोडलंय. आता त्याचं स्वतःचं इंजिन पेटवून हळूहळू वर न्यायचं. ते काम आमच्याच गटाकडं आहे. झालं की निघतेच. तुझा आवाज का बसलाय?"

"सर्दी झालीय."

मग निंगव्वा रोज विचारू लागली, "पोचलं का जागेवर?" चनमल्लप्पा फोन लावायचे. "अजून नाही, अप्पा," एवढंच लेक म्हणायची, आणि दर वेळी तिचा आवाज आणखी थकलेला वाटायचा. एक दिवस पेपरातच आलं, उपग्रहाचं इंजिन पेटलं नाही. चनमल्लप्पांनी पेपर घडी करून गादीखाली सारला.

शेवटी शेवटी निंगव्वाच्या तोंडची मराठी गेली, नुसती माहेरची कानडी उरली. "सिद्धी बंदळेन?" सिद्धी आली का, एवढंच ती विचारायची.

"वर पोचलं," चनमल्लप्पा कानडीतच म्हणाले. "सिद्धी गाडीत बसलीय."

तिनं डोळे मिटले. चनमल्लप्पांनी बाहेर जाऊन लेकीला फोनवर खरंखुरं सगळं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी पोचली, तेव्हा दारात माणसं जमली होती.

मूठमाती देऊन आल्यावर बापलेक ओट्यावर बसले.

"अप्पा, आधी का नाही सांगितलं?"

"तिनं सांगू दिलं न्हाय. आन् मी ऐकलं. ऐकायला नको होतं."

मग त्यांनीच विचारलं, "त्या यंत्राचं काय होणार आता?"

"फिरत राहील. बाकी सगळं चांगलं आहे त्याचं. एक झडप उघडत नाही, म्हणून इंजिन पेटत नाही. आम्ही खालून हुकूम पाठवत राहिलो." तिनं बापाकडं पाहिलं. "अव्वाला कळलं होतं का, बिघडलं ते?"

"न्हाय. पोचलं म्हणून सांगितलं मी."

तेव्हा कुठं ती रडली. चनमल्लप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मथुराबाईंनी आणून ठेवलेलं पिठलं गार झालं होतं. चनमल्लप्पांनी भाकरी मोडली आणि अर्धी लेकीच्या हातात दिली.