भाऊजींनी शिवलेली सावली

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बत्तीस वर्षं बसच्या सीटा शिवत होते. आगाराच्या कारखान्यातल्या कोपऱ्यात एक मशीन, एक दाभण आणि फोमचा ढीग, एवढाच त्यांचा संसार होता. आमची ताई त्यात नंतर आली. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा ताईकडे बघायच्या आधी त्यांनी आमच्या सोफ्याची शिवण बघितली आणि "हे कुणी केलंय?" असं विचारलं. ते आमच्या वडिलांनी केलं होतं. लग्न तिथंच मोडायचं, पण थोडक्यात निभावलं. आगारात सगळे त्यांना मापकाका म्हणायचे, कारण हा माणूस टेप खिशात असल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. मीही त्यांना तोंडावर मापकाका म्हणते. मेहुणीला तेवढा हक्क असतो, आणि मी तो पुरेपूर वापरलाय.

ताई टपाल वाटायची. आधी सायकलवरून, मग स्कूटरवरून, ऊन असो की पाऊस. कुत्रं अंगावर आलं तर कुत्र्यालाच दम भरून पत्र टाकून यायची. अशा बाईच्या गालांवर तीन वर्षांपूर्वी लाल चट्टे उठले, बोटांचे सांधे सुजले, आणि चार डॉक्टर झाल्यावर पाचव्या डॉक्टरीणबाईंना निदान सापडलं. शरीर स्वतःवरच उलटतं, असा तो आजार. गोळ्या जन्मभर आणि ऊन बंद. ऊन लागलं की आजार भडकणार, आणि भडकला की तो कुठल्या अवयवावर जाईल याचा भरवसा नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

भाऊजींनी तो हुकूम असा पाळला की विचारू नका. उन्हाची तिरीपही आत येऊ नये म्हणून प्रत्येक खिडकीला जाड पडदे शिवले. ताई दवाखान्यात जायची ती डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून, तीही भल्या सकाळी. डोळ्यांत तेल घालून जपणं म्हणजे काय ते मी त्या घरात पाहिलं. ताई मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली. माझ्याशी भांडेनाशी झाली, तेव्हा मी खरी घाबरले.

एका रविवारी ती म्हणाली, "मला बाहेर बसायचंय."

"संध्याकाळी तलावावर जाऊ की," भाऊजी म्हणाले.

"संध्याकाळ नको. मला दिवस बघायचाय. फिरायचं नाही, काही नाही. नुसतं पाण्यासमोर खुर्ची टाकून बसायचंय."

आठवड्याभरानं त्यांच्या दारात एक ट्रेलर उभा होता. दोन चाकांचा, गाडीच्या मागे जोडायचा, आत दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढा. त्यांच्या जुन्या मेकॅनिक मित्रानं हौसेनं बनवलेला आणि बायकोनं एकदाही पाय न ठेवलेला. "ऊन वाढलं तर हिला आत झोपवायचं," भाऊजींनी मला समजावलं, "आणि बाहेर बसायला कडेला छत." तयार छतं कसली मिळतात ते मी त्यांना फोनवर दाखवलं. किंमत बघून त्यांनी फोन असा परत केला जसा काही मी त्यांना शिवी वाचायला दिली होती. "एक कापड, दोन काठ्या आणि चार दोऱ्या," ते म्हणाले. "यात आहे काय एवढं?"

मग मागच्या अंगणात काम सुरू झालं. टेपचं दुसरं टोक धरायला मी होते. माझा फोटो स्टुडिओ आहे, ओळखपत्रांचे फोटो काढायचा. दुपारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून मी मोकळी सापडले. भाऊजींनी ट्रेलरच्या कडेला वर पडद्याची ॲल्युमिनियमची पन्हळ स्क्रूनं बसवली. कापडाच्या एका बाजूला नेफा शिवून त्यात दोरी घातली, म्हणजे ती कड पन्हळीत सरकवली की निघणार नाही. पुढच्या दोन कोपऱ्यांना पितळी रिंगा ठोकल्या. काठ्यांसाठी रंगारी लोक भिंतीला रोलर मारायला वापरतात त्या लांब-आखूड होणाऱ्या काठ्या आणल्या. एक काठी दुसरीपेक्षा चार बोटं खाली ठेवायची, म्हणजे पाऊस आला तर पाणी एका बाजूनं उतरेल. "मापकाका, ताईला बसवायचंय खाली, बस उभी नाही करायची," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तोंडात दोरा होता.

कापड ताईनंच निवडलं. भाऊजींनी पडद्याच्या फटीसमोर दोन तुकडे धरले, एक गर्द हिरवी ताडपत्री आणि एक पांढरं सुती मांजरपाट.

"हिरवं नको," ताई आतून म्हणाली. "त्याखाली चांगला माणूस आजारी दिसतो. मी तर आधीच आहे."

"पांढरं मळेल."

"मळू दे. तीन वर्षं अंधारात बसलेय. मला उजेड हवाय, अहो. ऊन नको, पण उजेड तरी द्या."

आता भाऊजी काही नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणारे नव्हेत. त्यांनी त्यांच्या धंद्यातली परीक्षा घेतली. बसच्या काळ्या रेक्झीनची सीट उन्हात तापते आणि बसणारा माणूस शिवणाऱ्याचा उद्धार करतो, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं. त्यांनी रेक्झीनचे दोन तुकडे घेतले, एक भर दुपारी उघड्यावर ठेवला, एक पांढऱ्या छताखाली. तासाभरानं दोन्हींवर तळहात ठेवला. बाहेरच्यानं चटका दिला. आतला गारच.

"पास," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता. मी टाळ्या वाजवल्या. हे लिहिताना हात जड होतो, पण वाजवल्या.

तलावावर आम्ही दहाच्या सुमारास पोचलो. छत दहा मिनिटांत उभं राहिलं, एकही सुरकुती नाही. मग ट्रेलरचं दार उघडून ताई खाली उतरली, खुर्चीवर बसली, आणि थोड्या वेळानं तिनं डोक्यावरचा स्कार्फ काढला. बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. भाऊजी "अगं अगं" करायला लागले, तर म्हणाली, "सावलीत आहे ना मी? तुमच्याच सावलीत आहे."

ती बोलत सुटली. कुठल्या घरातली म्हातारी स्वतःलाच पत्रं पाठवायची, कुणाचं प्रेमप्रकरण तिच्या झोळीतून कसं पार पडलं, सगळं. आम्ही हसून हसून बेजार झालो. मी फोटो काढले. तिच्या चेहऱ्यावर इतका सुंदर, मऊ उजेड पडला होता, नाकाखालीसुद्धा कडक सावली नव्हती. "ताई, स्टुडिओत असा उजेड पाडायला मला दोन पांढऱ्या छत्र्या लागतात," मी म्हणाले. हे मी माझ्या तोंडानं म्हणाले. आणि तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

भाऊजींनी तीनदा विचारलं, आत जायचं का. तिन्ही वेळा ताई म्हणाली, "अजून थोडं."

त्या संध्याकाळी तिचे हात, गळा आणि गाल लालभडक झाले. तिसऱ्या दिवशी ताप चढला, बोटं मिटेनात, पायांवर सूज आली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उन्हात गेला होतात?"

"नाही. सावलीत होतो," भाऊजी म्हणाले. "सावली मी स्वतः शिवलीय."

"कसलं कापड?"

त्यांनी सांगितलं. मग बाईंनी समजावलं, की पातळ पांढरं सुती कापड उष्णता अडवतं, पण उन्हातले अतिनील किरण त्यातून बरेचसे आत येतात. आणि समोर पाणी असेल तर खालूनही येतात. यांना बाधतात ते किरण, उष्णता नव्हे. त्या बोलत होत्या आणि मला माझ्या स्टुडिओतल्या पांढऱ्या छत्र्या दिसायला लागल्या. पांढरं कापड उजेड अडवत नाही, पसरवतं. पंचवीस वर्षं मी त्याच्यावर पोट भरतेय.

मूत्रपिंडांना सूज होती. सतरा दिवस ताई तिथं होती, आणि त्यातले पहिले पाच काहीही होऊ शकेल असे होते. सहाव्या दिवशी मी भाऊजींना सगळं सांगितलं, की चूक तुमची नाही, माझी आहे, हे मला कळायला हवं होतं. वाटलं होतं, ते म्हणतील, असं काही नसतं गं. ते म्हणाले, "तू फोटो काढत होतीस." त्यात रागही नव्हता. एवढं बोलून ते पाण्याची बाटली भरायला गेले. मी तिथल्या बाकावर बसून रडले, आणि मला कुणी उठवायला आलं नाही ते बरंच झालं.

ताई अजून दवाखान्यात असतानाच त्यांनी घरी येऊन छत उसवायला घेतलं. दुसऱ्या कुणी ते रागानं फाडलं असतं. भाऊजी एकेक टाका ब्लेडनं कापत होते, दोरा ओढून बाजूला ठेवत होते. नेफ्यातली दोरी काढली, रिंगा काढल्या. ताई घरी यायच्या आदल्या दिवशी अंगणात नुसतं मांजरपाट घडी करून ठेवलेलं होतं.

ताई परत आली ती अर्धी होऊन. गोळ्या दुप्पट, मीठ बंद, मूत्रपिंडं पूर्वीसारखी होणार नाहीत असं बाईंनी सांगितलेलं. पलंगावर टेकल्या टेकल्या तिनं विचारलं, "छत कुठंय?"

"उसवलं," भाऊजी म्हणाले.

"का?"

"का म्हणून विचारतेस? त्या छतानं तुझा जीव घेतला असता!"

"छतानं नाही." ताईनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "मला अकरा वाजताच कळलं होतं. हात चुरचुरायला लागले होते. ऊन लागल्यावर कसं होतं ते मला माहीत नाही का?"

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी तीनदा विचारलं तुला," ते म्हणाले. "तीनदा विचारलं गं!"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला आत नेलं असतं."

"नेलंच असतं!"

"आणि मग परत कधी बाहेर काढलं नसतं. बोला, काढलं असतं?"

भाऊजी ओरडले. तीस वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. इथं पाच दिवस मी काचेबाहेर उभा होतो, स्वतःला खुनी समजत होतो, माझ्या हातांचा मला वीट आला, आणि तुला माहीत होतं, तू हसत बसलीस, गोष्टी सांगत बसलीस. असं बरंच काही. ताईनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं मान खाली घातली नाही.

"तुमच्यावर अन्याय झाला," ती शेवटी म्हणाली. "ते मला कळतंय. पण तीन वर्षं तुम्ही मला जपताय, आणि किती जपायचं ते मला कधी विचारलं नाही. त्या दिवशी मी माणसात होते. तेवढे चार तास मी कुणालाच दिले नसते."

मग भाऊजींनी चष्मा काढून पुसला आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "अकराला चुरचुरायला लागलं म्हणालीस. नक्की अकरालाच?"

"थोडं आधी असेल."

"बसलो दहाला." ते मनाशी काहीतरी जुळवत होते. "बाईंना विचारतो. त्या हो म्हणाल्या तरच. दुहेरी करू, मधे काळं अस्तर घालू, आणि पाण्याकडे पाठ करून बसायचं. बाह्या खाली. तरीसुद्धा चुरचुरलं, तर त्या क्षणी मला सांगायचं. एवढं वचन दे. मग मी शिवतो."

ताईनं खिडकीकडे बघितलं. पडदा ओढलेला होता, दिसत काहीच नव्हतं. मग ती त्यांच्याकडे वळली आणि हसली, तलावावर हसत होती अगदी तशीच.

"सांगेन," ती म्हणाली.

भाऊजींनी मान हलवली आणि ते कापड आणायला अंगणात गेले. त्यांचा तिच्यावर विश्वास बसला का, ते मला माहीत नाही. माझा बसला नाही.