भावाने ऐकलेली माशांची गोष्ट

काचबिंदू आमच्या घरात वडिलांकडून आला. वडील आंधळे होऊनच गेले. मग माझ्याही डोळ्यांत तो निघाला, आणि नाशिकच्या डॉक्टरांनी थेंब लिहून देताना बजावलं, की हा रक्तातून उतरतो, सख्ख्या भावंडांना तपासायला आणा. सख्खा भाऊ एकच. तो जव्हार-मोखाडा जीप चालवतो. त्याला सांगितलं तर हसला. "मना काय झाला? घारीची नजर हाय माझी." पालथ्या घड्यावर पाणी. मी जामसरच्या शाळेत विज्ञान शिकवते, तिथली पोरं तरी ऐकतात.

माझी मुलगी पुण्याला एका प्रयोगशाळेत माशांच्या डोळ्यांवर काम करते. बोटाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रा मासे. उन्हाळ्यात ती घरी आली, त्या दिवशी मामा जेवायला होता. सुकटाची चटणी, नागलीची भाकरी. ती सांगत होती, की प्रखर उजेडाने माशाच्या डोळ्यातला पडदा जळाला, तिथल्या पेशी मेल्या, तरी मासा आंधळा राहत नाही. पडद्याला आधार देणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, त्या जाग्या होतात, एकीच्या दोन होतात आणि त्यांतून नव्या चेतापेशी घडतात. काही आठवड्यांत मासा पुन्हा बघायला लागतो.

भावाचा घास हातातच राहिला. "आन पडदा एकदम नाय जळला, थोडाथोडा झिजत गेला, तर?"

"तिथे घोळ आहे, मामा," ती म्हणाली. "खूप पेशी एकदम मेल्या तर त्या जाग्या होतात. हळूहळू गेल्या तर कधी होतात, कधी नीट होतच नाहीत. अजून पुष्कळ कळायचंय."

"नि मान्साचा?"

"माणसाच्या डोळ्यातही त्याच पेशी असतात. पण त्या नवं काही घडवत नाहीत. नुसता वण धरतात."

दुसऱ्या दिवशी भाऊ जीपच्या स्टँडवर सांगत सुटला, आपल्या डोळ्यातही माशावानी पेशी हायत, भाची शिकलेली हाय, ती सांगते. वणाचं तेवढं गाळलं. मी चिडले, चारचौघांत बोलले. पण रागापेक्षा भीती मोठी होती. घारीची नजर असलेला माणूस झिजण्याचं कशाला विचारेल?

पुढच्या आठवड्यात मला मोखाड्याला काम निघालं, तेव्हा त्याच्याच जीपमध्ये बसले. पुढची डाव्या खिडकीची जागा त्याने राखून ठेवली होती. एक माणूस तिथे चढू लागला, त्याला मागे पाठवलं. "इथं ओळखीचा मानूस बसतो." मला बरं वाटलं, बहिणीचा मान ठेवला म्हणून.

घाट लागला. "ताई, डावीकडं कोन चालला गं?" मी बघितलं, म्हटलं, दोन म्हातारे आहेत. मला वाटलं, भाडं शोधतोय. थोड्या वेळाने पुन्हा तेच. जीप खच्चून भरलेली, आणखी माणूस घ्यायला तीळभर जागा नाही, तरी प्रत्येक वळणाला तेच. मी रस्ता सोडून त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिले. डावीकडचं सांगायचं विसरले, आणि तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली बाई माझ्या खिडकीशी आली.

"बाई आहे!"

त्याने स्टिअरिंग फिरवलं. मोळीची टोकं पत्र्याला खरवडत गेली. मागे कोणीतरी हसलं. बाई शिव्या देत उभी राहिलेली मला आरशात दिसली, धड होती.

त्याने जीपचा वेग कमी केला. मग हळूच म्हणाला, "तू बसलीस तर बरा पडतो. सुट्टी हाय तवर रोज येशील?"

मोखाड्याला सगळे उतरले. मी चावी मागितली. उद्याच नाशिकला जाऊ म्हटलं, हात जोडले. "परतीचा भाडा खोळंबलाय," म्हणाला. माणसं चढली. माझ्या जागेवर एक शाळकरी मुलगी बसली आणि खिडकीला डोकं टेकून तिने डोळे मिटले.

मी पुढच्या डाव्या चाकाशी जाऊन दोन्ही हात वर केले. तो सरळ पुढे बघत होता, चेहरा शांत. त्याने गिअर टाकला.